माहेरच्या आडनावाचा माग

विल्यम ब्रिस्टो हा इंग्लंडमधला कोळीकीटकांचा नामांकित अभ्यासक. १९७०च्या दशकात तो लुई लिओनोवेन्स नावाच्या माणसाचं चरित्र लिहायला बसला. लुईने सयाममध्ये, म्हणजे आताच्या थायलंडमध्ये, सागवानाच्या धंद्यात नाव कमावलं होतं, पण जगाला तो माहीत होता तो त्याच्या आईमुळे. आई म्हणजे ॲना लिओनोवेन्स, राजा मोंगकुटच्या दरबारात राजपुत्रांना इंग्रजी शिकवणारी, आणि पुढे रंगभूमीने-सिनेमाने डोक्यावर घेतलेली 'इंग्रज शिक्षिका'. चरित्रकार पहिलं काम करतो ते त्याने केलं, नायकाचा जन्मदाखला मागवला. लुईचा जन्म लंडनचा, असं आईने सांगून ठेवलेलं. लंडनच्या नोंदींत लुई नव्हता. 'दाखला गहाळ' अशी तळटीप टाकून पुढे जाणारे चरित्रकार ढिगाने सापडतील. ब्रिस्टो थांबला. आणि त्या न मिळालेल्या कागदाच्या मागे जाता जाता तो लंडनहून निघून थेट आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, लष्करी छावणीत येऊन पोचला.

नोंद न मिळणं ही गोष्ट हलक्यात घ्यायची नसते, पण तिच्यावरून लगेच उडीही मारायची नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ला. सूची वर्षाच्या चार तिमाहींत लावलेली, आणि तिमाही जन्माची नव्हे, नोंदणीची. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल सर्रास पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडतं. शिवाय १८७५पर्यंत नोंद करवून घेण्याची जबाबदारी आईबापांवर नीटशी नव्हतीच. पहिल्या दशकांत कितीतरी मुलं सूचीतून निसटलेली आहेत, शहरांत तर जास्तच. म्हणून नाव दिसलं नाही की क्रम असा: आधी आडनावाची वेगवेगळी स्पेलिंगं, मग मागेपुढे दोन-तीन वर्षं, मग शेजारचे नोंदणी जिल्हे, मग त्या भागातल्या चर्चची बाप्तिस्म्याची वही. एवढं करून हाती काही लागलं नाही तरच पाचवा प्रश्न विचारायचा. हे माणूस इथे जन्मलंच नसेल तर? ब्रिस्टोच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची होती. लिओनोवेन्स हे आडनाव स्मिथ-जोन्ससारखं नाही. असल्या आडनावाचं मूल लंडनच्या सूचीत असतं तर ते लपून राहिलं नसतं.

लुई जन्मला होता १८५६मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियात, लिंटन नावाच्या कैद्यांच्या ठाण्यावर. बाप तिथे कारकून.

मुलाचा जन्म खोटा निघाला तसा आईचाही निघाला. ॲना सांगायची ते असं: जन्म १८३४चा, वेल्समधल्या कार्नार्व्हनचा, वडील कॅप्टन क्रॉफर्ड, नवरा सैन्यात मेजर. कागद सांगतात ते असं: जन्म नोव्हेंबर १८३१, अहमदनगर, बाप्तिस्म्याचं नाव ॲन हॅरिएट एमा एडवर्ड्स. बाप थॉमस एडवर्ड्स, लंडनचा, आधी फर्निचर बनवणारा सुतार, मग कंपनी सरकारच्या सॅपर्स अँड मायनर्समधला, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतला, सार्जंट. पोर जन्मायच्या तीन महिने आधीच तो वारला. आई मेरी ॲन ग्लॅसकॉट. तिचं आणि एडवर्ड्सचं लग्न १५ मार्च १८२९ला ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये झालेलं. विधवा झाल्यावर तिने इंजिनिअर्समधल्याच पॅट्रिक डॉनहो या आयरिश कॉर्पोरलशी लग्न केलं. ॲना वाढली ती छावणीच्या बराकीत, बिगुलाच्या वेळापत्रकावर, पडदे लावून पाडलेल्या खोल्यांमध्ये. मराठी तिच्या कानावरून गेली नसेल हे मला तरी पटत नाही. कार्नार्व्हनचा किल्ला तिने तोवर चित्रातही पाहिला होता की नाही, कोण जाणे.

एकोणिसाव्या शतकात देश सोडून गेलेल्या कुठल्याही इंग्रज बाईचा वंश शोधताना मुख्य गाठ पडते ती माहेरच्या आडनावाशी. पुरुषाचं आडनाव जन्मापासून थडग्यापर्यंत एकच. बाईचं लग्नात बदलतं, दुसऱ्या लग्नात पुन्हा बदलतं, आणि कागदांना त्याची फिकीर नसते. इंग्लंड-वेल्सच्या लग्नदाखल्यात वधूवरांच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय असे. आईच्या नावाला रकानाच नव्हता. १८३७पासून नव्हता, आणि तो आला ४ मे २०२१ला. १८४ वर्षं लाखो लग्नं लागली आणि प्रत्येक नोंदीत दोन आया गाळल्या गेल्या. शेजारच्या स्कॉटलंडने १८५५लाच दोन्ही आयांची नावं माहेरच्या आडनावासकट लिहायला घेतली होती, तेव्हा जमत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. मृत्यूच्या दाखल्याचं तेच. त्या काळी इंग्लंडमध्ये बाई वारली तर दाखल्यात तिचे आईबाप नसत, जन्मस्थळही नसे. असलाच तर नवऱ्याचा हुद्दा. जन्मदाखल्यात मात्र आईचं माहेर 'पूर्वाश्रमीची अमुक' असं लिहिलेलं असतं. त्यामुळे मुरलेला शोधकर्ता बाईचा दाखला मागवायच्या आधी तिच्या मुलांचे दाखले मागवतो. २०१६मध्ये आलेल्या सरकारी ऑनलाइन सूचीत १८३७पासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव जोडलेलं आहे, तेव्हापासून हे काम निम्म्याने हलकं झालं.

देश सोडलेल्या बाईच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट घडते. इंग्लंडमध्ये राहिलेल्या बहिणीपेक्षा परदेशी गेलेलीचे कागद कधी कधी जास्त बोलतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीने १८५३ला नोंदणी सुरू केली तेव्हा मृत्यूचा दाखला असा आखला की त्यात आईबापांची नावं, आईचं माहेर, जन्मस्थळ, वसाहतीत किती वर्षं काढली, लग्न कुठे, कोणत्या वयात आणि कोणाशी, मुलं कोणती आणि किती वयाची, सगळं एका आडव्या ओळीत यावं. मँचेस्टरहून गेलेली मोलकरीण मेलबर्नला वारली तर तिचा अख्खा वंश एका कागदावर मिळू शकतो. 'मिळू शकतो' म्हणायचं, कारण ही माहिती मेलेली बाई देत नाही. देतो तो जावई, शेजारी, इस्पितळातला कारकून. म्हणून दाखला हातात आला की अनुभवी माणूस आधी खालचा रकाना वाचतो: माहिती देणारा कोण, मयताशी नातं काय. मुलगी असेल तर आजोळचं नाव बहुधा खरं. खानावळवाला असेल तर सगळंच ऐकीव.

अमेरिकेत गेलेलीचे हाल वेगळे. १८५५च्या कायद्याने अमेरिकन नागरिकाशी लग्न केलेली परदेशी बाई आपोआप नागरिक होई, आणि ही पद्धत १९२२पर्यंत चालली. म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज नवऱ्याचा, शपथ नवऱ्याची, कागद नवऱ्याचे. तिचं नाव त्यात शोधत बसायचं नाही. शिरगणतीत घरातल्या सगळ्यांची नावं १८५०पासून येतात, कुटुंबप्रमुखाशी नातं १८८०पासून. १८९०ची शिरगणती वॉशिंग्टनमधल्या १९२१च्या आगीत बहुतेक सगळी गेली. १८८१मध्ये आलेली, १८८५ला लग्न केलेली आणि १८९९ला वारलेली बाई त्या खड्ड्यात पूर्ण बुडते. उलट १९००च्या शिरगणतीत असलेली नशीबवान म्हणायची. त्यात जन्माचा महिना, देशात आल्याचं वर्ष, आणि बायकांसाठी दोन बोचरे रकाने आहेत: किती मुलं झाली, आणि त्यातली किती हयात. नऊ आणि चार, असले आकडे वाचताना डोळा तिथेच अडखळतो. ती पाच मुलं कुठल्या दफनभूमीत आहेत ते शोधा, कारण लहान मुलाच्या दफनाच्या नोंदीत आईचं नाव कधी कधी सापडतं.

वय आणि नाव, दोन्हींवर फार भरवसा टाकायचा नाही. इंग्लंडच्या १८४१च्या शिरगणतीत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली आणून लिहायचं होतं. ३४ वर्षांची बाई कागदावर ३० होते. कुठला गाव तेही त्यात नाही, याच परगण्यात जन्म झाला का एवढंच हो-नाही. खरा धागा १८५१पासून हाती लागतो, कारण तेव्हापासून जन्माचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-विभाग, लिहिलं जाऊ लागलं. देश सोडून जाणाऱ्या अविवाहित पोरी बहुतेक घरकाम करणाऱ्या. त्या शिरगणतीत आईबापांच्या घरात नसतातच, मालकाच्या घरात 'नोकर' म्हणून असतात, आणि त्यांच्यापुढचं ते पॅरिशचं नाव हाच मागे जायचा एकमेव रस्ता. नावांचं तर विचारू नका. पॉली म्हणजे मेरी, सॅली म्हणजे सारा, नॅन्सी म्हणजे ॲन, पेगी म्हणजे मार्गारेट. बाप्तिस्म्यात एक, लग्नात दुसरं, जहाजाच्या यादीत तिसरं. लंडनकडची बाई 'ह' गिळून बोलली की कारकुनाने हॅनाची ॲना करून टाकलेली.

आणि नाव तंतोतंत जुळलं तरी बाई तीच असेल असं नाही. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण इंग्रज नाही, आयरिश आहे. १ जानेवारी १८९२ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, म्हणजे परदेशातून स्थायिक व्हायला येणाऱ्यांची तपासणी करणारं ठाणं, उघडलं तेव्हा पहिली उतरली ती कॉर्कची ॲनी मूर. पुढची कित्येक वर्षं सगळे धरून चालले होते की ही ॲनी टेक्ससला गेली आणि १९२३मध्ये ट्रामखाली सापडून वारली. वंशशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी कागद तपासले तर टेक्ससची ॲनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली, ती कधी जहाजातून आलीच नव्हती. खरी ॲनी मॅनहॅटनच्या गरीब वस्तीतच राहिली, तिथेच लग्न केलं, १९२४ला वारली, आणि तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. हे उघड झालं २००६ला. एकट्या नावावर बाई ओळखायची नसते हे नवशिक्याला सांगायला एवढं उदाहरण पुरे.

मग ओळखायची कशावर? माझ्या मते सोबतच्या माणसांवर. बाईच्या नावाने बाईचा माग लागत नाही, तिच्याबरोबर जहाजात चढलेल्या, लग्नाला साक्षीला उभ्या राहिलेल्या, शेजारच्या घरात राहिलेल्या माणसांच्या नावाने लागतो. ॲनाचंच बघा. १८४९च्या नाताळच्या दिवशी पुण्याच्या अँग्लिकन चर्चमध्ये तिचं लग्न थॉमस लिओन ओवेन्स या आयरिश कारकुनाशी लागलं. नोंदीत वराने आपलं मधलं नाव आणि आडनाव जोडून एकच करून टाकलं: लिओनोवेन्स. हे आडनाव तिथे, त्या दिवशी जन्मलं. पुढे जगात कुठेही ते दिसलं की माणूस याच घरातला, ही सोय झाली. पण १८४९च्या मागे त्या नावाने शोधणाऱ्याला कोरी भिंत लागते. तिथून मागे जायचं तर आडनाव पुन्हा फोडायला हवं. १८५२मध्ये हे जोडपं सिंगापूरमार्गे 'ॲलिबी' नावाच्या जहाजाने पश्चिम ऑस्ट्रेलियाला निघालं (जहाजाचं नाव कोणी कादंबरीत घातलं असतं तर आपण हसलो असतो). बरोबर होता डब्ल्यू. व्ही. ग्लॅसकॉट, ॲनाचा मामा. इथे ग्लॅसकॉट हे आडनाव सोन्याच्या मोलाचं आहे. ॲनाने आपला बाप बदलला, जन्मगाव बदललं, वय तीन वर्षांनी कमी केलं. पण प्रवासात सोबत घेतलेल्या मामाचं आडनाव बदलायचं तिच्या हातात नव्हतं. ते आडनाव धरून मागे गेलं की तिच्या आईचं ठाण्याचं लग्न लागतं.

याच्या उलट एक खूण तिने जाणूनबुजून चुकीची ठेवली, किंवा ठेवली असं वाटतं. इंग्रज कुटुंबांत मुलाच्या मधल्या नावात आईचं माहेरचं आडनाव घालायची रीत होती. शोधकर्त्यांचा त्यावर मोठा भरवसा. मूल 'जॉन फेअरफॅक्स अमुक' असेल तर आधी फेअरफॅक्सांची वही उघडायची. ॲनाच्या १८५४मध्ये जन्मलेल्या मुलीचं नाव आहे ॲव्हिस ॲनी क्रॉफर्ड कॉनीबेअर. क्रॉफर्ड! म्हणजे बँकॉकच्या आठ वर्षं आधी, राजाचा दरबार स्वप्नातही नसताना, कॅप्टन क्रॉफर्ड या कुटुंबात येऊन बसला होता. अनेकांना वाटतं की तिने नोकरीसाठी ऐनवेळी थाप मारली. हे नाव पाहिल्यावर मला तसं वाटत नाही. ज्या गावात कोणी ओळखत नाही तिथे पाऊल ठेवल्याबरोबर तिने नवं माहेर बांधायला घेतलं होतं.

मूळ कागद आहेत कुठे, तर ब्रिटिश लायब्ररीत. इंडिया ऑफिसच्या दप्तरात चर्चच्या नोंदींचे तीन मोठे गठ्ठे आहेत: एन-१ बंगाल, एन-२ मद्रास, एन-३ मुंबई. मुंबईच्या नोंदी १७०९पासूनच्या. पण या मूळ वह्या नव्हेत. छावणीतल्या पाद्र्याने वहीतून नक्कल करून वरिष्ठांकडे धाडायची, तिथून ती लंडनला जायची. नकलेत स्पेलिंग बिघडतं, ओळ गळते, एखाद्या ठाण्याची अख्खी वर्षाची पानं पोचलेलीच नसतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव, जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख, आईबापांची नावं, बापाचा हुद्दा आणि ठिकाण एवढं बहुधा मिळतं. कॅथलिकांच्या नोंदी खूपच तुटक, आणि डॉनहोसारखे आयरिश सैनिक त्या फटीत हरवतात. आई हिंदी असेल तर तिचं बाप्तिस्म्यातलं एकेरी नाव लिहायचं, किंवा नुसतं 'नेटिव्ह बाई', किंवा काहीच नाही. म्हणून इथे कोरा रकाना हाही वाचायचा मजकूर असतो.

ॲनाचा आजोबा विल्यम व्हॉड्री ग्लॅसकॉट १८१०मध्ये मुंबईच्या नेटिव्ह इन्फंट्रीत अधिकारी म्हणून आला. १८१५च्या सुमारास त्याने लग्न केलं असावं. बायकोचं नाव कुठेच नाही. सार्जंटच्या बायकोचं नाव गळणं समजू शकतो, पण अधिकाऱ्याची युरोपीय बायको कंपनीच्या कागदांतून इतकी साफ निसटत नाही. लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, दफन, पेन्शन, कुठेतरी ती उमटतेच. त्यामुळे ॲनाची एक चरित्रकार म्हणते की ही आजी युरोपीय नव्हती, बहुधा मिश्र रक्ताची असावी. कागदाचं मौन हा पुरावा नव्हे, हे मलाही माहीत आहे. तरी या मौनाचा आकार ओळखीचा आहे. आणि तो धरला की ॲनाच्या सगळ्या थापा एका ओळीत येतात. १८५९मध्ये नवरा पेनांगला वारला तेव्हा तो हॉटेल चालवत होता. पदरात दोन मुलं. छावणीत जन्मलेली, आजीच्या रंगाचा संशय असलेली सार्जंटची पोर सिंगापूरच्या युरोपीय समाजात शाळा काढू शकली नसती, आणि १८६२ला सयामच्या राजाने तिला 'इंग्रज बाई' म्हणून बोलावलंही नसतं. वंशशोधक म्हणून तिचा राग येतो, प्रत्येक वळणावर तिने माती लोटली आहे. तिच्या जागी उभं राहिलं की राग टिकत नाही, आणि तरीही तिची बाजू पूर्ण घ्यावीशी वाटत नाही, कारण ही भिंत उभी करताना तिने सख्ख्या बहिणीलाही बाहेर ठेवलं.

पुढे ती न्यूयॉर्कला, मग कॅनडात गेली. १८८७ला हॅलिफॅक्समध्ये कलाशाळा काढण्यात पुढाकार घेतला, ती आजही विद्यापीठ म्हणून चालते आहे. १९ जानेवारी १९१५ला माँट्रियलला वारली. थडग्यावर कोरलंय ते 'मेजर थॉमस लॉर्न लिओनोवेन्स यांची प्रिय पत्नी'. मेजर नव्हे, आणि लॉर्नही नव्हे. दगडावर कोरलेलं खरं धरणाऱ्यांनी तिथे एकदा जाऊन यावं.

बहीण एलायझा हिने १८४५मध्ये गुजरातेतल्या डीसाच्या छावणीत जेम्स मिलर्ड या तोफखान्यातल्या सार्जंट-मेजरशी लग्न केलं. तिची मुलगी एलायझा सारा. तिचा १८८७ला लंडनच्या कँबरवेलमध्ये जन्मलेला धाकटा मुलगा विल्यम हेन्री प्रॅट म्हणजे भयपटांतला बोरिस कार्लॉफ. सावळ्या रंगावरून ज्याला आयुष्यभर कुजबुज ऐकावी लागली तो नट ॲनाच्या भाचीचा मुलगा. इथे डीएनएची गोष्ट निघते. आईकडून मुलांकडे येणारा मायटोकाँड्रियल डीएनए जवळजवळ न बदलता उतरतो, आणि तो पुढे फक्त मुलीच देतात. कार्लॉफची आई, तिची आई एलायझा, तिची आई मेरी ॲन, तिची आई ती निनावी आजी: सगळी साखळी बायकांची. म्हणजे आजीची खूण कार्लॉफच्या शरीरात होती, पण त्याच्या मुलीत नाही. असाच एक शोध २०१३मध्ये गाजला. सुरतेतल्या कंपनीच्या व्यापाऱ्याची घर सांभाळणारी एलायझा केवार्क हिचा मातृवंश राजकुमारी डायनाच्या आईच्या नात्यातल्या दोघांत तपासला गेला आणि तो भारतीय उपखंडातला निघाला. ॲनाच्या आजीसाठीही हाच रस्ता आहे. आईबाप दोघांकडून आलेले अंश मोजणाऱ्या नेहमीच्या बाजारी चाचणीचा इथे उपयोग नाही. ॲनाच्या पणतवंडांच्या मुलांपर्यंत आजीचा वाटा सरासरी एक-चौसष्टांश उरतो, आणि आजी स्वतः अर्धीच हिंदी असेल तर भारतीय अंश एक टक्क्याच्याही खाली, चाचणीच्या नेहमीच्या चुकीत विरघळून जाणारा. लुईच्या वंशाला विचारूनही फायदा नाही, तो मुलगा. विचारायचं ते ॲव्हिसच्या किंवा एलायझाच्या मुलीच्या मुलीच्या मुलीला, आणि तिच्याकडून मातृवंशाची पूर्ण चाचणी मागायची.